कॅलेंडर की काटा: एका एक्स्टेंडेड वॉरंटीचं प्रकरण

पार्श्वभूमी

साताऱ्यातलं एक जोडपं. पती कराडच्या एका कनिष्ठ महाविद्यालयात शिकवतात, पत्नी एका पतसंस्थेत हिशोब सांभाळतात. त्यांना इथं सर आणि ताई म्हणू. त्यांचे कागद मी पाहिले आणि त्यांच्या परवानगीनंच हे लिहितो आहे. गाडी आणि डीलर ओळखू येऊ नयेत म्हणून अटींचे आणि पैशांचे आकडे थोडे फिरवले आहेत. हिशोबाचं प्रमाण मात्र तसंच ठेवलं आहे.

सरांची आधीची गाडी साधी होती. पायानं क्लच, हातानं गिअर. अकरा वर्षांत १ लाख ४० हजार किलोमीटर चालली आणि दोनदा क्लच प्लेट, एकदा रेडिएटर यापलीकडं तिनं काही मागितलं नाही. २०२२ च्या दसऱ्याला नवी गाडी आली. डावा गुडघा कुरकुरायला लागला होता, म्हणून एएमटी घेतली.

एएमटी म्हणजे काय ते सांगायला हवं, कारण पुढचं सगळं त्यावर फिरतं. पेटी, म्हणजे गिअरबॉक्स, नेहमीच्याच मॅन्युअल गाडीची असते. फक्त क्लच दाबणं आणि गिअर बदलणं ही माणसाची दोन कामं एक यंत्रणा करते. तिला अ‍ॅक्चुएटर म्हणतात. तेलाच्या दाबावर चालणारा छोटा पंप, काही व्हॉल्व्ह, सेन्सर आणि या सगळ्यांना हुकूम सोडणारा एक कॉम्प्युटर. क्लच प्लेट झिजते, ती झिजणारच. अ‍ॅक्चुएटर झिजत नाही, तो बिघडतो. वॉरंटीच्या भाषेत या दोन क्रियापदांत हजारो रुपयांचं अंतर आहे.

मूळ वॉरंटी होती २ वर्षं किंवा ४०,००० किलोमीटर, 'यांपैकी जे आधी पूर्ण होईल ते'.

पहिला निर्णय: शोरूममध्ये

कोटेशनच्या कागदावर विमा, अ‍ॅक्सेसरी किट, टेफ्लॉन कोटिंग आणि एक्स्टेंडेड वॉरंटी अशा चार ओळी एकाखाली एक आधीच छापलेल्या होत्या. एक्स्टेंडेड वॉरंटीचे, म्हणजे मूळ वॉरंटीची मुदत वाढवून घ्यायचे, १६,५२० रुपये. सरांनी पेनानं तीन ओळी खोडल्या आणि विमा ठेवला. सेल्समननं विचारलं, "सर, उद्या काही झालं तर?" सर म्हणाले, "कंपनीचाच आपल्या गाडीवर भरवसा नाही का?"

उत्तर झकास होतं, कारण मात्र कच्चं. कोटिंग आणि वॉरंटी एकाच कागदावर, एकाच सुरात विकायला आल्या म्हणून दोन्ही एकाच मापानं मोजल्या गेल्या. तरीही त्या दिवशीचा नकार चुकीचा होता, असं मी म्हणणार नाही. तेव्हा त्यांचा अंदाज होता की आठवड्यातून दोन दिवस गाडी आणि बाकी दिवस एसटी, म्हणजे वर्षाला १२ हजार किलोमीटर. त्या हिशोबानं मूळ वॉरंटी पूर्ण दोन वर्षं पुरणार होती आणि वाट पाहण्यात काही जात नव्हतं.

मग दोन सहकारी जोडीला आले, पेट्रोलची वाटणी ठरली आणि गाडी रोज कराडला जायला लागली. जाऊन-येऊन शंभराच्या वर. महिन्याला सरासरी १,९०० किलोमीटर.

प्रश्न लक्षात आला तेव्हा

जून २०२४. ताई पेट्रोलच्या पावत्यांची वही ठेवतात, पतसंस्थेची सवय. वहीत काट्याचा, म्हणजे गाडी एकूण किती किलोमीटर चालली त्याचा, आकडा दिसला ३८,७००. सरांच्या डोक्यात वॉरंटी ऑक्टोबरपर्यंत होती, म्हणजे अजून चार महिने. ताईंनी पुस्तिका काढली, 'जे आधी' या शब्दांखाली रेघ ओढली आणि म्हणाल्या, "अहो, चार महिने नाहीत. कराडच्या बारा खेपा आहेत."

मुदतवाढ घ्यायची तर मूळ वॉरंटी जिवंत असतानाच घ्यावी लागते, ही त्या कंपनीची अट. बहुतेक कंपन्यांची अशीच असते. आता किंमत २१,२४० झाली होती, डिलिव्हरीच्या दिवसापेक्षा ४,७२० जास्त. सरांना हा दंड वाटला. मी त्याकडं वेगळं पाहतो. त्या पावणेपाच हजारांत त्यांना वीस महिन्यांची माहिती मिळाली होती: गाडी खरोखर किती पळते, कोणत्या रस्त्यावर पळते, आणि आणखी किती वर्षं ठेवायची आहे. शोरूममध्ये यातलं काहीच ठाऊक नव्हतं.

रस्त्याचंही सांगतो. शेंद्रे ते कागल महामार्गाच्या सहापदरीकरणाचं काम चालू आहे. वळवलेली वाहतूक, सेवा रस्ते, कराडच्या तोंडाशी कोंडी. पहिला गिअर, दुसरा, परत पहिला. एएमटीला याहून वाईट रस्ता शोधूनही सापडायचा नाही.

समोर असलेले पर्याय

पहिला, कंपनीची पूर्ण मुदतवाढ: पाचव्या वर्षापर्यंत किंवा १ लाख किलोमीटर, २१,२४० रुपये. जाहिरातीत '५ वर्षं' मोठ्या अक्षरात. ताईंनी भागाकार केला. महिन्याला १,९०० म्हणजे लाखाला साडेबावन्न महिने, म्हणजे मार्च २०२७ च्या आसपास खेळ संपला. पाच वर्षं नव्हेत, जेमतेम चार वर्षं चार महिने. पण काट्याच्या भाषेत ६० हजार किलोमीटरचं संरक्षण, किलोमीटरला साधारण ३५ पैसे. पेट्रोलला सहा रुपये जात होते.

दुसरा, फक्त एक वर्ष वाढवणं: तिसऱ्या वर्षापर्यंत किंवा ६०,००० किलोमीटर, ८,८५० रुपये. सरांचा कल इकडं होता. रक्कम छोटी आणि 'वर्षभर बघू' ही आपली आवडती पळवाट. पण २० हजार किलोमीटरला ८,८५० म्हणजे किलोमीटरला ४४ पैसे. स्वस्त दिसणारी योजना महाग होती आणि त्यांच्या धावेला ते वर्ष दहा-अकरा महिन्यांत उरकणार होतं.

तिसरा पर्याय डीलरनंच हळूच पुढं केला. दोन वर्षं, १२,९८०. कागदावर गाडीच्या कंपनीसारखाच रंग, तशीच मांडणी. पण देणारी कंपनी निराळी. ताईंनी अटी मागितल्या तेव्हा आधी माहितीपत्रक मिळालं. पुन्हा मागितल्यावर बारा पानांच्या अटी आल्या. एका दाव्याला कमाल ३५ हजार, आणि बिल आधी स्वतः भरायचं, परतावा मागाहून. अशा सगळ्याच योजना वाईट असतात असं नाही, जुन्या गाडीला तर कधीकधी दुसरी मिळतही नाही. पण इथं दुरुस्ती करणारा एक, पैसे देणारा दुसरा आणि मधे धावपळ करणारा मालक, अशी रचना होती.

चौथा, काहीच न घेता दरमहा ९०० रुपये आवर्ती ठेवीत टाकणं. माझा स्वभाव पाहता मी हाच पर्याय आधी सुचवला. बिघाड झालाच नाही तर पैसे आपलेच राहतात. त्यावर ताईंचं उत्तर: "बिघाड आधी कळवून येत असेल तर चालेल." मोठं बिल तेराव्या महिन्यात आलं तर ठेवीत ११,७०० असतात. ज्याच्याकडं ६०-७० हजार सहज बाजूला पडून आहेत त्याला हा पर्याय उत्तम. या घरात त्या वर्षी मुलीच्या इंजिनिअरिंगची फी भरायची होती.

गाडी तिसऱ्या वर्षी विकावी असंही एकदा निघालं, पण सरांनी ते चहा संपायच्या आत निकालात काढलं. पहिली अकरा वर्षं ठेवणारा माणूस दुसरी तिसऱ्या वर्षी विकत नाही.

कशावरून ठरलं

या जमाखर्चानं निर्णय झाला नाही, निम्मं काम झालं. बाकीचं एमआयडीसीतल्या फिटरनं केलं. सरांची जुनी गाडी अकरा वर्षं त्यानंच सांभाळली होती. तो एक्स्टेंडेड वॉरंटीला नावं ठेवील म्हणून सर मुद्दाम त्याच्याकडं गेले. तो म्हणाला, "सर, हातानं गिअर टाकायची असती तर मीच नको म्हणालो असतो. इंजिन आमच्याकडं उघडतं, सस्पेन्शन होतं, एसीचं होतं. ह्या पेटीच्या अ‍ॅक्चुएटरला आम्ही हात लावत नाही. बसवल्यावर स्कॅनर लावून शिकवावं लागतं गाडीला. ते कंपनीतच."

मला हे वाक्य सगळ्यात मोलाचं वाटतं. भाग किती वेळा बिघडतो, हे ग्राहकाला कळायला मार्ग नसतो. ते आकडे कंपनीजवळ असतात. पण बिघडला तर तो कोण दुरुस्त करू शकतो, हे गावातल्या कुठल्याही चांगल्या फिटरला विचारून कळतं. चार जण करू शकत असतील तर किंमत तुमच्या हातात राहते. एकच करू शकत असेल तर किंमत तो ठरवतो. सरांच्या गाडीत असा मोठा भाग एकच होता, आणि तो पूर्ण मुदतवाढीच्या यादीत आहे का, एवढंच आता पाहायचं उरलं.

यादीत होता. क्लच प्लेट, प्रेशर प्लेट, ब्रेक पॅड, वायपर, टायर, बॅटरी, रबरी बुश नव्हते. उंदरानं वायर कुरतडली किंवा पाणी शिरलं तर हात वर. इंजिनात पाणी जाण्यासाठी विम्यात वेगळं कवच घ्यावं लागतं. सर इतकी वर्षं विमा आणि वॉरंटी एकाच खात्यात धरत होते. बाहेरून जे आदळतं ते विम्याचं, आतून जे मोडतं ते वॉरंटीचं, हा ढोबळ फरक त्यांना या निमित्तानं कळला.

कृती

३९,२६० किलोमीटरला गाडी वर्कशॉपमध्ये नेली. मुदतवाढ विकण्याआधी तपासणी होते. ती झाली, जॉब कार्डावर, म्हणजे वर्कशॉपच्या कामाच्या नोंदपत्रावर, शेरा पडला, पैसे भरले. ताईंनी तिथंच उभं राहून दोन गोष्टी करून घेतल्या. कंपनीच्या अ‍ॅपमध्ये गाडीच्या नावावर नवी मुदत दिसते की नाही ते पाहिलं, आणि तपासणीच्या जॉब कार्डाची प्रत मागून घेतली. अ‍ॅडव्हायझर म्हणाला, याची काही गरज नसते. ताई म्हणाल्या, असू दे.

बिघाड आणि दावा

जुलै २०२५, काट्यावर ६४,३००. उंब्रजजवळ सेवा रस्त्यावर कोंडीत गाडी थांबली आणि पुन्हा गिअरमध्ये जाईना. डॅशवर दिवा, बाहेर पाऊस, मागं हॉर्न. विम्याबरोबर घेतलेल्या रस्त्यावरच्या मदतीमुळं उचलून न्यायचा खर्च आला नाही.

दुसऱ्या दिवशी निदान झालं: अ‍ॅक्चुएटरचा दाब टिकत नाही, पूर्ण जोडणी बदलावी लागेल. मजुरी आणि कर धरून ६१,९००. क्लच सेटही झिजलाय, त्याचे १५,७०० वेगळे.

आणि मग अ‍ॅडव्हायझरनं नोंदी पाहून सांगितलं की दावा मंजूर होईल असं दिसत नाही. ३० हजारांची सर्व्हिस ३१,९०० ला झाली होती. अटींमध्ये ५०० किलोमीटरची सवलत. फेब्रुवारी २०२४ अखेरीची गोष्ट; बारावीच्या परीक्षा चालू होत्या, सर पर्यवेक्षणात, सर्व्हिस महिनाभर पुढं ढकलली गेली. शिवाय मधल्या काळात फिटरकडं ब्रेक पॅड बदललेले त्यांना दिसले, तेही बोट दाखवून झालं.

सर चिडले. ताईंनी त्यांना बाहेर बसवलं आणि वर्कशॉपच्या काउंटरवर भांडण्याऐवजी कंपनीच्या ग्राहक विभागाला ईमेल लिहिला, डीलरला प्रत ठेवून. मुद्दे तीनच. सर्व्हिस उशिरा झाली हे खरं, पण इंजिन ऑइलच्या त्या उशिराचा अ‍ॅक्चुएटरच्या दाबाशी काय संबंध, ते लेखी कळवावं. दुसरा मुद्दा वजनदार होता: ही उशिराची नोंद तुमच्या संगणकात मार्च २०२४ पासून आहे. त्यानंतर जूनमध्ये तुम्ही गाडी तपासली, 'योग्य' असा शेरा दिला आणि २१,२४० रुपये घेतले. जॉब कार्ड सोबत जोडलं आहे. तेव्हा चालली ती नोंद आता का चालत नाही? तिसरा, नाकारायचं असेल तर कोणत्या कलमाखाली ते लिहून द्या. तोंडी नकार आम्ही नकार मानत नाही.

ब्रेक पॅडबद्दल त्यांनी काही लिहिलं नाही. लिहायची गरजही नव्हती. भारतीय स्पर्धा आयोगानं २५ ऑगस्ट २०१४ ला १४ वाहन कंपन्यांविरुद्ध दिलेल्या आदेशात म्हटलं होतं की, बाहेर दुरुस्ती केली म्हणून सरसकट वॉरंटी रद्द करता येणार नाही. त्या दुरुस्तीमुळं जेवढं नुकसान झालं असेल तेवढ्यापुरतंच हात झटकता येतील. हा आदेश पुढं न्यायालयात गेला, त्यामुळं काउंटरवर ब्रह्मास्त्र म्हणून तो चालत नाही. पण ब्रेक पॅड आणि गिअरचा अ‍ॅक्चुएटर यांचा संबंध जोडून दाखवणं कुणालाही जड गेलं असतं.

चार दिवस उत्तर नाही. पाचव्या दिवशी फोटो आणि स्कॅनरचा अहवाल मागवला गेला, आठव्या दिवशी दावा मंजूर. गाडी अकराव्या दिवशी मिळाली. क्लच सेटचे १५,७०० सरांनी भरले. पेटी उतरवलेलीच होती, म्हणून त्याची मजुरी वेगळी लागली नाही. नकार आलाच असता तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनला, म्हणजे १९१५ ला फोन, आणि त्यानंतर जिल्हा ग्राहक आयोग असा रस्ता ताईंनी काढून ठेवला होता. ५ लाखांपर्यंतच्या व्यवहाराच्या तक्रारीला तिथं शुल्क नाही. ती वेळ आली नाही.

हिशोब

दिले २१,२४०, वाचले ६१,९००. एवढं सांगून थांबलं तर ही जाहिरात होईल.

बाकीचे पर्याय त्याच बिघाडावर लावून पाहण्यासारखे आहेत. एक वर्षाची मुदतवाढ घेतली असती तर जुलै २०२५ मध्ये तारीख शाबूत होती, पण ६०,००० किलोमीटर मे महिन्यातच ओलांडले होते. एक पैसा मिळाला नसता. डीलरनं सुचवलेल्या निराळ्या कंपनीकडून फार तर ३५ हजार, तेही सगळं बिल आधी भरून. आवर्ती ठेवीत ११,७०० आणि त्यावरचं थोडं व्याज.

पण अ‍ॅक्चुएटर बिघडला नसता तरीही हा निर्णय मी बरोबरच म्हटला असता, आणि शेजारच्यांचा उलटा निर्णयही बरोबरच होता. त्यांची गाडी मॅन्युअल, वर्षाला ६ हजार किलोमीटर, बहुतेक बाजार आणि देवदर्शन. त्यांनी मुदतवाढ घेतली नाही. चौथ्या वर्षी खिडकीचं स्विच गेलं, ४,२०० रुपये भरले, विषय संपला. सरांची गोष्ट ऐकून त्यांना आता चुटपुट लागलीय. ताईंनी दोनदा समजावलं, पटलेलं दिसत नाही.

काय वेगळं करता आलं असतं

सर्व्हिस उशिरा होणार हे कळलं त्याच दिवशी वर्कशॉपला एक ईमेल टाकून तारीख मागायला हवी होती. 'आम्ही वेळेत मागितली, तुमच्याकडं जागा नव्हती' किंवा 'महिनाभर उशीर होईल, चालेल का' यातलं काहीही लेखी असतं तर ते आठ दिवस वाचले असते. सरांनी फोन केला होता. फोनचा पुरावा कुणाकडंच नव्हता.

शोरूममध्ये खोडलेल्या ओळीबद्दल ताईंचं आणि माझं अजून एकमत नाही. त्यांच्या मते एएमटी घेतो आहोत एवढी माहिती पुरेशी होती, तेव्हाच १६,५२० भरायला हवे होते, किंवा निदान कोटिंग सोडून त्या बदल्यात वॉरंटीवर सूट मागायला हवी होती. दसऱ्याच्या गर्दीत घासाघीस होत नाही, हा समज खोटा आहे. विक्रेत्यालाही त्या दिवशी आकडा गाठायचा असतो. यात तथ्य आहे. वाट पाहण्याची किंमत पावणेपाच हजार झाली, आणि ताईंची वही नसती तर ती ६१,९०० झाली असती.

४० हजारांच्या आत गाडीची कसून तपासणी करून घ्यायचंही राहून गेलं. मुदतवाढ मिळण्यापुरती तपासणी झाली, पण तेव्हा स्टिअरिंगमधून येणारा हलका आवाज कुणी सांगितला नाही. पुढं तो वाढला आणि एक रबरी बुश सरांच्या खर्चानं बदलावा लागला. मुदतवाढीच्या यादीत तो नाहीच. मूळ वॉरंटीत असताना त्यावर निदान वाद घालता आला असता.

हे लिहिताना काट्यावर ७१ हजार आहेत. गाडीच्या ग्लोव्ह बॉक्सवर आतल्या बाजूनं ताईंनी एक चिठ्ठी चिकटवली आहे. तिच्यावर तारीख नाही, दोनच आकडे आहेत: पुढच्या सर्व्हिसचा, आणि त्याखाली ९८,०००. त्या आकड्याला पेटी स्कॅनरवर लावून घ्यायची, असं ठरलंय.